तनूच्या तोंडातला चमचा

मी एक जुना स्टीलचा चमचा आहे आणि मी भयंकर चिडलेलो आहे. चमच्याला राग येत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा निघोजे गावात अंबूबाईंच्या घरी जेवायला यावं. भूक नसताना यावं. ती सोय तिथे उत्तम आहे.

मित्रांनो, मी संक्रांतीच्या हळदीकुंकवात वाण म्हणून या घरात आलो. तेव्हा मी असा चकाकायचो की अंबूबाईंची सून वर्षाली माझ्यात बघून टिकली नीट करायची. पुढे तनुजा झाली. तिच्या उष्टावणाला मामाने माझ्यातूनच खिरीचा पहिला घास भरवला. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. त्यानंतर मला कुणी थांबूच दिलं नाही.

पोट भरलं की तनू तोंड फिरवायची. बोलता न येणाऱ्या माणसाने याहून स्पष्ट काय बोलावं? पण आजी वाट बघायची. पोर रडायला लागली की तोंड उघडायचं, आणि मी आत!

आता तनू पाच वर्षांची आहे. सकाळी वर्षाली कंपनीत जाण्याआधी तिला भरवते. ती गेली की आजी भरवते, कारण "आईच्या घाईत कुठं पोट भरतंय?" पहिली शिफ्ट संपवून बाप, समाधान, बसमधून उतरतो आणि भरवतो, कारण दिवसभर पोरीचं तोंड पाहिलेलं नसतं. संध्याकाळी वर्षाली परत भरवते, कारण तिला दिवसभर चुटपुट लागलेली असते. पोरगी आपल्यावाचून उपाशी आहे, असं प्रत्येकाला वाटतं. समोर मोबाईलवर कार्टून. एक घास काऊचा, एक घास चिऊचा. मी इतकी वर्षं बघतोय, काऊ किंवा चिऊ एकदाही आपला घास न्यायला आले नाहीत. सगळे तनूनेच खाल्ले.

मग अंगणवाडीच्या ताईंनी तिचं वजन केलं. "आजी, वयाच्या मानानं वजन फार वाढलंय. पळताना धाप लागते तिला, म्हणून पोरं खेळायला घेत नाहीत. तिच्या भुकेनं, तिच्या हातानं खाऊ द्या."

अंबूबाई तरातरा घरी आल्या आणि त्यांनी मीठमोहऱ्या ओवाळून तनूची दृष्ट काढली. "चारचौघांत पोरीचं वजन मोठ्यांदा सांगितलं! लागली ना नजर!" आणि नजरेने पोर सुकू नये म्हणून वर तुपातला लाडू चारला. त्या दिवशी मी वाकलो. लाडू कडक होता, हे निमित्त.

खंडेनवमीला समाधानच्या कंपनीत मशीनची पूजा झाली, कॅन्टीनला जिलेबी झाली. घरी येऊन तो आडवा पडला. तनूसाठी कालवलेला वरणभात तसाच होता. तनूने मला उचललं आणि ती बापाशेजारी बसली.

"पप्पा, आ करा."

"नको बाळा, गळ्यापर्यंत आलंय."

"खोटं. हा काऊचा."

त्याने हसून खाल्ला. चिऊचाही खाल्ला. तिसऱ्याला त्याने तोंड फिरवलं.

"बागुलबुवाला बोलावू?" तनूने थेट वर्षालीच्या आवाजात विचारलं.

"आई, हिला घे गं—" त्याचं तोंड उघडलं, मी आत.

"आरं, पोरगी मायेनं भरवती, खा की!" अंबूबाई म्हणाल्या.

समाधान ठसकत उठून बसला. "आई, पोट माझं हाय! भरलंय ते मला कळत न्हाई व्हय?"

तनूने त्याच्याकडे पाहिलं. "मग मला नाही कळत?"

समाधानने कार्टून चालू असलेला मोबाईल बंद केला आणि ताटली तिच्यापुढे सरकवली. तिने आपल्या हाताने थोडा भात खाल्ला. "पुरे," म्हणाली. अंबूबाईंचा हात सवयीने माझ्याकडे आला. समाधानने तो धरला. म्हातारीला जोर फार. त्याने दुसराही हात लावला.

मित्रांनो, घरात कुणी 'पुरे' म्हणालं, मग ते कितीही लहान असो, तर चमचा खाली ठेवा. आम्हाला स्वतःहून खाली उतरता येत नाही.