पट्टीखालचं काळं पाणी

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. ज्याच्या त्याच्या हातावर ताजा टॅटू, त्यावर घट्ट बसवलेली पारदर्शक पट्टी आणि पट्टीखाली साचलेलं काळं पाणी. लोक बाह्या वर करून एकमेकांना ते दाखवत होते. ज्याचा फुगा मोठा, त्याची मान ताठ. एका निवृत्त साहेबांची पट्टी जेमतेम ओली झाली होती. ते बिचारे बाही खाली ओढून कोपऱ्यात बसले होते.

"पीडा रक्तात असते," मंचावरून सुईवाले महाराज सांगत होते. "आमची सुई तिला वाट दाखवते. काळं पाणी दिसलं की समजा, निघाली." पट्टी मात्र त्यांच्याकडचीच घ्यायची आणि ते सांगतील तेव्हाच काढायची. पीडेलासुद्धा महाराजांच्या परवानगीशिवाय बाहेर पडायची सोय नव्हती.

माझं औषधांचं दुकान त्याच रस्त्यावर आहे. ताई, माझी थोरली बहीण, मधुमेहाची जुनी रुग्ण. ती महाराजांकडून हातावर मंत्र गोंदवून घ्यायला निघाली तेव्हा मी खूप वाद घातला. ऐकेना, तेव्हा निदान पट्टी तरी धड लाव म्हणून तिच्यापुढे जखमेवरची फिल्म ठेवली. पाकीट सीलबंद हवं, आतली फिल्म निर्जंतुक हवी. तिच्यातून वाफ बाहेर जाते, पण बाहेरचं पाणी आत येत नाही. टॅटूपेक्षा चहूबाजूंनी बोटभर मोठी घ्यायची, पाणी फार साचलं की ती काढून, टॅटू धुऊन नवी लावायची. लाली पसरली किंवा ताप आला तर तडक डॉक्टर. ताईने सगळं मन लावून ऐकलं आणि पाकीट माझ्याकडे परत सरकवलं.

"यातून वाफ जाते ना? मग पीडा घरभर होईल. नातू तान्हा आहे रे."

तिने महाराजांची पट्टी घेतली. खोकी बंद करायच्या चिकटपट्टीचा रुंद तुकडा होता तो. त्यातून काही सुटत नाही, हाच त्याचा गुण. पुढे गल्लीतली माणसंही माझ्याकडे हवा न जाणारी पट्टी मागू लागली. मी दिली नाही, तर त्यांनी दुसरीकडून आणली.

ताईने साखरेवरच्या गोळ्याही थांबवल्या. पीडा निघतेच आहे, मग गोळ्या कशाला? पाणी दाटलं, पिवळट झालं, वास मारू लागलं. जुनी पीडा आहे, वास यायचाच, असं महाराज म्हणाले. शेवटी भाचीने, ताईच्या लेकीने, तिला फणफणत्या तापात इस्पितळात नेलं. डॉक्टरांना हात कोपराच्या वरून काढावा लागला.

भाची शाळेत विज्ञान शिकवते. ती रडली नाही. एका टॅटूच्या दुकानात जाऊन तिने स्वतःच्या हातावर नखाएवढे तीन ठिपके गोंदवून घेतले, एक लाल, एक हिरवा, एक निळा. प्रत्येकावर माझ्याकडची फिल्म वेगवेगळी लावली आणि दुसऱ्या दिवशी ती महाराजांच्या सभेत सरळ मंचावर चढली. तीन पट्ट्यांखाली तीन रंगांचं पाणी साचलं होतं.

महाराज डगमगले नाहीत. लाल म्हणजे क्रोध, हिरवा म्हणजे मत्सर, निळा म्हणजे कपट, असं त्यांनी पटापट जुळवून दिलं. लोकांनी माना डोलावल्या.

"मग इथे बसलेल्या कुणालाच राग येत नाही?" भाचीने विचारलं. "सगळ्यांचं पाणी काळंच कसं? तुमच्याकडे शाईची बाटली एकच आहे म्हणून."

ताजा टॅटू ही जखम असते, ती पाझरते, त्यात जास्तीची शाई मिसळते आणि पट्टी ते सगळं अडवून धरते, एवढंच तिने सांगितलं. तसंच कोंडून ठेवलं की ते सडतं आणि साखर वाढलेल्या शरीरात झपाट्याने पसरतं. आईचा हात कसा गेला, तेही तिने आवाज न चढवता सांगितलं. काहींनी तिथेच पट्ट्या सोलून काढल्या. काही मात्र महाराजांच्या गाडीमागे धावले, पुढची तारीख विचारायला.

त्या संध्याकाळी इस्पितळात ताई शुद्धीवर होती. तिने उरलेल्या हाताने माझं मनगट धरलं.

"हात गेला तो गेला. पण पीडा गेली ना रे सगळी त्याच्याबरोबर?"

मला हो म्हणायचा मोह झाला. मग म्हणालो, "ताई, पीडा नव्हतीच. साखर होती, आणि तिच्यावर गोळी होती."

ती भिंतीकडे तोंड करून रडत राहिली. मला फार वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतले नाहीत.

वाचकहो, चमत्कार दिसला की एवढंच विचारा: हेच दुसऱ्या कशाने होईल का? आणि नुसतं विचारू नका, करून बघा. माझं सांगणं ताईला पटलं नाही. ते तीन ठिपके तिने पाहिले असते तर कदाचित पटलं असतं. तुमच्या माणसाला असं करून दाखवा, त्याचा हात शाबूत आहे तोवर.