हर्राशीवाल्याचा डायनासोर

"आजी, शेपूट अजून लांब पाहिजे. हे तर पालीचं दिसतंय."

मी दातानं दोरा तोडला आणि नातवाकडं पाहिलं. सकाळपासून अंगणात फतकल मारून बसले होते, बोटाला चार ठिकाणी सुई टोचली होती, आणि हे पाच वर्षांचं पोरगं मला शेपटीची लांबी सांगत होतं.

"स्वानंद, आणखी लांब केलं तर तुझा डायनासोर पाय अडकून पडंल," मी म्हणाले. तरी वीतभर वाढवलंच.

डायनासोरवालाच वाढदिवस पाहिजे म्हणून दोन महिने त्यानं घर डोक्यावर घेतलं होतं. जालन्याच्या फ्लॅटमध्ये एवढी पोरं मावणार नाहीत, म्हणून माझा मुलगा आदिनाथ आणि सूनबाई निवेदिता यांनी बेत भोकरदनला, आमच्या अंगणात ठरवला. संभाजीनगरहून भाड्यानं डायनासोर मागवायचा, तर त्याच्या आत शिरणारा माणूस नेमका त्या रविवारी मोकळा नव्हता. मग काय, बांबूच्या कामट्या, शेडनेटचं उरलेलं हिरवं कापड आणि मी.

आत शिरायला आमचे हे तयार झाले. यांना सगळं भोकरदन रामकिसन हर्राशीवाले म्हणून ओळखतं. चौतीस वर्षं मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, यांनी हर्राशी म्हणजे लिलाव पुकारला. मक्याचा ढीग असो की सोयाबीनचा, यांनी बोली सुरू केली की आवाज बसस्टँडपर्यंत जायचा. घरात मात्र मोजके चार शब्द. चहा ठेव. जेवायला वाढ. मी भांडायचे, "सगळा आवाज मोंढ्यातच सांडून येता का?"

आता तो आवाजच राहिला नव्हता. दिवाळीपासून घसा बसला तो बसलाच. डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं आणि सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. बुधवारी ऑपरेशन होतं. तंबाखू सोडा, तंबाखू सोडा म्हणून तीस वर्षं मी घसा कोरडा केला आणि घसा गेला यांचा. राग येत होता, खोटं कशाला बोलू. भीती त्याहून जास्त वाटत होती.

मला एकच पाहिजे होतं. बुधवारच्या आत यांचा आवाज मोबाईलमध्ये भरून ठेवायचा. आठ दिवस मागं लागले होते.

"काही बी बोला. गावचं बोला, पोराचं बोला."

"त्या डब्ब्यात काय बोलू?" हे खरखरत म्हणायचे. "समोर ढीग असला का मंग बोलणं येतं."

"मंग मलाच ढीग समजा!"

हे हसले. हसता हसता खोकल्याची उबळ आली, मी पाणी आणायला उठले आणि बोलणं तिथंच राहिलं.

पाच वाजता पोरं जमली. निवेदितानं केकवर हिरवा डोंगर करवून आणला होता, त्यावर प्लास्टिकचे तीन डायनासोर. शेजारच्या चांगुणाबाई नातीला घेऊन आल्या होत्या. त्यांनी भिंतीवरची चित्रं डोळे बारीक करून पाहिली.

"वंदना, हे काय म्हणावं? घोरपड का?"

"डायनासोर हाय. कधीच मरून गेले सगळे."

"अगं बाई! मंग मेलेल्याचं कशाला काढलं वाढदिवसाला?"

एरवी मी हसले असते. त्या दिवशी नाही. "शुभ बोला चांगुणाबाई," मी म्हणाले, "एका डायनासोरच्या आत आमचे हे हायेत."

आदिनाथनं सगळं ठरवून ठेवलं होतं. मोठा स्पीकर भाड्यानं आणला होता, डरकाळी त्यातून वाजणार होती. "बाबा, तुम्ही तोंड उघडायचं न्हाई. फक्त चालायचं," असं त्यानं दोनदा बजावलं. औक्षण झालं, आणि स्वयंपाकघराच्या दारातून हिरवा डायनासोर डुलत डुलत अंगणात आला. पोरं मागं सरकली. आदिनाथनं बटण दाबायला आणि लाईट जायला एकच गाठ पडली.

स्पीकर मुका. डायनासोर मधोमध उभा.

"याला तर आवाजच नाही," चांगुणाबाईंची नात साक्षी म्हणाली. "खोटा आहे."

स्वानंदचा ओठ बाहेर आला. आता रडणार, हे मी ओळखलं. आदिनाथनं घाईघाईनं स्वतःचा मोबाईल माझ्या हातात कोंबला. "आई, मी फ्यूज पाहून येतो. तू शूटिंग घे. हे गोल बटण दाब, बस."

तेवढ्यात शेडनेटच्या आतून डरकाळी आली.

फाटकी, खरखरीत, खालून वर चढत गेलेली. पोरांनी किंकाळ्या फोडल्या. साक्षी आजीच्या पदरात शिरली. ज्या आवाजाची लाज वाटून यांनी मोंढ्यात जाणं सोडलं होतं, तो त्या जनावराला बिलकुल बराबर बसला होता.

बस करा, असं ओरडावंसं वाटलं मला. डॉक्टरांनी घशाला ताण देऊ नका म्हणून सांगितलं होतं. पण माझा अंगठा बटणावर गेला. मिळतोय तो आवाज मिळू दे, असं वाटलं. दाबलं, आणि मोबाईल दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी राहिले.

"अजून! अजून!" पोरं ओरडली. दुसरी डरकाळी झाली. आणि मग चौतीस वर्षांची सवय गप्प बसेना.

"बोला! डायनासोर कुणाला पायजे? जल्दी बोला!"

"मला! मला!"

"मंग काय देता?"

"दोन चॉकलेट!" साक्षी पदरातून बाहेर आली.

"दोन चॉकलेट एक वार! दोन चॉकलेट दोन वार!"

"माझा केक!" स्वानंद बेंबीच्या देठापासून ओरडला. "अख्खा केक!"

"अख्खा केक एक वार! अख्खा केक दोन वार!"

आणि हे थांबले. मोंढ्यातही इथंच थांबायचे. व्यापारी वैतागायचे, "रामकिसनभाऊ, बोली तोडा की आता." हे म्हणायचे, "कास्तकाराचा ढीग एकदाच इकतो. अजून कुणाला बोलायचं असंल तर बोलू द्या." तसंच त्या दिवशी अंगणात थांबले. पोरं श्वास धरून उभी होती.

"तीन वार! स्वानंद आदिनाथ!"

पोरं नाचायला लागली. लाईट आली, स्पीकर आपोआप डरकाळ्या फोडायला लागला, पण तिकडं कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. मी यांना आत नेऊन शेडनेटमधून काढलं. सदरा घामानं चिंब झाला होता.

"जीव द्यायचा होता का?" मी चिडून म्हणाले.

हे बराच वेळ धापा टाकत राहिले. मग म्हणाले, "समोर ढीग होता."

पाहुणे गेल्यावर मी मोबाईल आदिनाथपुढं धरला. "लाव. आवाज ऐकू दे."

त्यानं पाहिलं. पुन्हा पाहिलं. "आई, हा फोटो आहे. मी व्हिडिओवर करून द्यायला विसरलो."

एकच फोटो. हिरवं शेडनेट आणि खाली चपलांतले दोन पाय. मी मोरीत गेले, नळ सोडला आणि पोटभर रडले.

बुधवारी ऑपरेशन नीट झालं. दीड महिन्यानं स्वानंद आला. यांच्या गळ्यावर, श्वासासाठी पाडलेल्या छिद्रावर, पांढरी जाळी होती आणि मांडीवर पाटी. चहा पाहिजे तरी आता लिहून मागत होते.

"आजोबा, डायनासोर करा ना."

"बाळा, आजोबांचा आवाज डॉक्टरांनी काढला," मी म्हणाले. "आता न्हाई येत तो."

त्यानं यांच्या गळ्याकडं पाहिलं. मग अंगणाच्या कोपऱ्यातलं शेडनेट ओढून त्यानं अंगावर घेतलं, शेपटीत पाय अडकून पडला, उठला आणि बारीक आवाजात डरकाळी फोडली. "आता हर्राशी करा," आतून म्हणाला.

यांनी पाटी खाली ठेवली. एक बोट वर केलं.

"एक वार!" स्वानंद ओरडला.

दुसरं बोट.

"दोन वार!"

आणि हे थांबले. दोन बोटं वर धरून त्यांनी अंगणभर नजर फिरवली, पोराकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. शेडनेटमध्ये स्वानंद गप्प उभा होता. घाई कुणालाच नव्हती. मग यांनी सावकाश तिसरं बोट उचललं.

"तीन वार!" मी ओरडले. आवाज बसस्टँडपर्यंत गेला असेल.