पट्ट्याची कडी

हेमचंद्रने आयुष्यात बंदूक हातात धरली नव्हती. तरी सिंगापुरातल्या आंग मो किओच्या त्या ऑफिसात शिकारी रायफलींवर त्याच्याइतकं अधिकारवाणीने कोणी बोलत नसे. साहेबाला शिकारीचा नाद होता आणि जुलैत डायरेक्टर नेमायचा होता, एवढंच त्यामागचं शास्त्र. सेंगकांगच्या सरकारी फ्लॅटला कंटाळलेल्या त्याच्या बायकोने, मेधाने, तर बढतीच्या भरवशावर महागडा कॉन्डोही पाहून ठेवला होता.

साहेब म्हणजे ग्रॅहम. दर जूनला तो उत्तर ऑस्ट्रेलियात रानरेडे मारायला जायचा. तिकडे ठेवलेली त्याची नवी रायफल इतका जबर धक्का देई की खांदा दोन दिवस ठणकायचा. एकदा हॉकर सेंटरमध्ये चिकन राइस खाताना तो कुरकुरला, "पट्ट्याची पुढची कडी थेट नळीवर आहे. रायफल पाठीवर फार खाली लोंबते, दस्ता मांडीवर आपटतो."

झालं! हेमचंद्रने दोन वीकेंड घालवून अठरा स्लाइड केल्या. निष्कर्ष असा, की कडी नळीवरून काढून मागे, लाकडी भागाखाली बसवावी. रायफल वर राहील, मांडी वाचेल. मग त्याने रीतसर मीटिंग बोलावली.

टेस्टिंग लॅबमधला सुगत सगळं ऐकून म्हणाला, "सर, गोळी सुटली की रायफल मागे उसळणार. साहेबांचा डावा हात त्याच लाकडाखाली असणार ना, कडीच्या अगदी मागे?"

"अरे सुगत, आत्ता आपण रायफल पाठीवर असतानाचं बोलतोय. गोळी सुटल्यावरचं फेज टूमध्ये बघू."

सगळे हसले. हेमचंद्रने नेहमीप्रमाणे त्याच संध्याकाळी मिनिट्स पाठवले, साहेबासकट सगळ्यांना. कोणी काय विचारलं, त्याला काय उत्तर दिलं, सगळं नावानिशी. या काटेकोरपणाचा त्याला भारी अभिमान होता.

तिकडचा बंदुकांचा कारागीर कडी हलवायला नको म्हणत होता. ग्रॅहमने त्याला अठरा स्लाइड पाठवल्या.

जुलैत ग्रॅहम परतला तो डाव्या हाताला बँडेज बांधून. पहिल्याच गोळीला कडीने बोट फोडलं होतं, सात टाके पडले होते. लिफ्टमध्ये ते बँडेज दिसलं तेव्हा हेमचंद्रला आधी आठवली ती बढती. हाताबद्दल वाईट वाटायचं त्याला दुपारपर्यंत सुचलंच नाही.

दुपारी ग्रॅहमने त्याला आणि सुगतला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर मिनिट्सची प्रिंट होती, सुगतच्या प्रश्नाखाली लाल रेघ ओढलेली.

"हॉस्पिटलात वाचायला भरपूर वेळ मिळाला," ग्रॅहम म्हणाला. "मिनिट्स फार छान लिहितोस तू, हेमचंद्र. एक गोष्ट सुटत नाही. सोमवारपासून सुगत डायरेक्टर. त्याच्या मीटिंगचे मिनिट्स तूच घेत जा."

सुगत संकोचून खाली बघू लागला. हेमचंद्रला रडू फुटायचंच बाकी होतं. तरी हाताने सवयीने वही उघडली, वर तारीख घातली आणि उपस्थितांमध्ये पहिलं नाव सुगतचं लिहिलं.