मागील दारी

मित्रांनो, मी एक जुना खण आहे. सागवानी, हातभर लांब, तेवढाच रुंद, वर काच आणि तळाला बुचाचा थर. खण म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर मोजे आणि रुमाल आले असतील, तर ते आधी बाहेर काढा. माझ्या पोटात तीनशे बारा मधमाश्या आहेत, प्रत्येक आपापल्या टाचणीवर, आणि त्यांतली एकही पोळ्यात राहणारी नाही. या रानमाश्या. एकेकट्या राहतात, मातीत नाहीतर भिंतीच्या भोकात घर करतात. मध काही कुणाला देत नाहीत, म्हणून त्यांचं कौतुकही कुणी करत नाही. मी करतो.

माझा जन्म बेंगळुरूच्या चामराजपेटेत झाला. कल्लाप्पा सुतारानं एकही खिळा न मारता माझे कोपरे बसवले. मग मला कपाटात ढकललं, तर आतली हवा फुस्स करून बाहेर आली. आता यात मुंगीसुद्धा शिरायची नाही, असं तो म्हणाला. पन्नास वर्षं होत आली, शिरलेली नाही. थोडी बढाई मारतो, चालवून घ्या.

तिथून मी जयनगरच्या कडेच्या एका जुन्या संग्रहालयात आलो आणि मुकुंदरावांच्या हाती पडलो. मुकुंदरावांचं घराणं चार पिढ्या बेंगळुरूत राहिलेलं. ऑफिसात कन्नड, कागदावर इंग्रजी आणि स्वतःशी मराठी, अशी त्यांची वाटणी होती. प्रत्येक माशीखाली टाचणीत ते दोन चिठ्ठ्या ओवत. वरची सरकारी, इंग्रजीत: गाव आणि तारीख. खालची त्यांची स्वतःची, मराठीत, तिळाएवढ्या अक्षरांत: नेमकी जागा. लोक हसत. मुकुंदराव दिवसभर माश्या मारत बसतात, असं सरळ तोंडावर म्हणत. "मारतो खरा," ते म्हणायचे, "पण नावानिशी."

एका दुपारी ते संग्रहालयातल्या आपल्या खोलीच्या मागच्या दारात बसून चित्रान्न खात होते. मी टेबलावर उघडा पडलो होतो. अचानक त्यांनी हातातला पेला भिंतीवर पालथा घातला. आत तांदळाच्या कणीएवढी एक काळी माशी होती, कपाळावर पिवळा ठिपका असलेली. तशी माशी त्यांनी आधी कधी पाहिली नव्हती, देशातल्या दुसऱ्या कुठल्या संग्रहातही ती नव्हती. त्यांनी तिला ठिपकी म्हणायला सुरुवात केली आणि माझ्या उजव्या कोपऱ्यात बसवली. सरकारी चिठ्ठीवर फक्त बेंगळुरू आणि तारीख. खालच्या चिठ्ठीवर त्यांनी लिहिलं, मागील दारी.

मग मुकुंदराव निवृत्त झाले, आणि काही वर्षांनी गेलेही. त्यांची बातमी मला कुणी सांगितली नाही; खणाला कोण सांगणार? डांबरगोळ्या विरल्या, काचेवर धूळ बसली. शेजारच्या कपाटातल्या फुलपाखरांना कसर लागली आणि त्यांचं पीठ झालं. मी मात्र कल्लाप्पाचे कोपरे घट्ट धरून बसलो. त्या दिवसांत मला फार एकटं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

पुढे संग्रहालयात कॉम्प्युटर आला आणि चिठ्ठ्या त्यात भरायला संतोषकुमार आला. मुलगा गुणी होता, पण चार हजार चिठ्ठ्या आणि मुदत एक महिना. भिंग लावून त्यानं ठिपकीची खालची चिठ्ठी वाचली. कन्नडात दारी म्हणजे रस्ता. मागील नावाचा रस्ता त्यानं कधी ऐकला नव्हता, मागडी रोड मात्र साऱ्या बेंगळुरूला ठाऊक. म्हाताऱ्याच्या हातून अक्षर चुकलं असणार, असं समजून त्यानं ते सुधारलं. ठिपकी, मागडी रोड. मी आतल्या आत किती ओरडलो असेन! पण लाकडाचा आवाज फार तर करकर एवढाच. त्यानं मला लोटून बंद केलं.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, म्हणजे अगदी हल्लीच, रंजिता आली. देशात रानमाश्यांच्या जाती किती, कुठल्या कुठे राहतात, याची यादी होत होती. त्यासाठी गावोगावच्या संग्रहालयांतले आमच्यासारखे खण उघडून तपासायचे होते. रंजिता चामराजपेटेतल्या मराठी घरातली, पण शाळा कन्नड आणि कॉलेज इंग्रजी. तिनं माझी काच पुसली, नव्या डांबरगोळ्या ठेवल्या, आणि ठिपकीपाशी येऊन थांबली. देशात एवढी एकच माशी, तीही इतकी जुनी. जिवंत सापडली तर केवढं काम होईल!

मग ती मागडी रोडला गेली. एक हंगाम गेला, दुसरा गेला. बस, ऑटो, पायपीट, उन्हानं नाक सोललेलं. दर शनिवारी येऊन ती माझ्यासमोर बसायची आणि ठिपकीकडे बघत राहायची. शेवटी तिच्या प्रमुख दिव्यश्री मॅडमनी सांगितलं की शुक्रवारपर्यंत जागेची खात्री झाली नाही, तर ठिपकीची नोंद शंकास्पद ठरवून यादीतून काढावी लागेल. त्यांचंही बरोबर होतं. चुकीची जागा लिहिण्यापेक्षा गाळलेलं बरं. पण मग मुकुंदरावांनी काय नुसत्याच माश्या मारल्या होत्या?

शुक्रवारी सकाळी रंजिता हिरमुसून आली. ठिपकीचा निरोप घ्यायचा म्हणून तिनं चिमट्यानं टाचणी उचलली आणि पहिल्यांदाच ती खालची चिठ्ठी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. इतके दिवस तिनं कॉम्प्युटरवरच विश्वास ठेवला होता. ती एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचू लागली. "मा-गी-ल... मागडी नाही हे. मागील दारी." आणि मग तीही अडकली. तिच्या घरी परसाला हित्तल म्हणायचे, अगदी आजीपासून. दारी म्हटल्यावर तिलाही रस्ताच दिसला. फोनवर ती मागील नावाचा रस्ता शोधू लागली.

मुकुंदरावांच्याच त्या खोलीत गंगव्वा फरशी पुसत होती. ती निपाणीकडची, मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारी, दहा वर्षं इथं झाडलोट करणारी. अक्षर एकही येत नाही, पण कान तिखट.

"काय शोधतीस गं?"

"मागील दारी कुठे आहे ते, अक्का. रस्ता आहे कुठला तरी."

गंगव्वानं फडकं बादलीत टाकलं आणि कमरेवर हात ठेवला. "रस्ता कशाचा? मागल्या दारी म्हंजे मागल्या दारी. ह्ये काय, मी रोज पाणी ओततो तिथं!"

असं म्हणून तिनं मागचं दार उघडलं.

मित्रांनो, कित्येक वर्षांनी माझ्या काचेवर त्या दारातलं ऊन पडलं. बाहेर तीच जुनी दगडमातीची भिंत, तिच्या पायथ्याशी फुललेली तुंब्याची झुडपं. रंजिता उंबऱ्यावर गुडघे टेकून बसली. भिंतीच्या एका भोकातून एक डोकं बाहेर आलं. काळं, कपाळावर पिवळा ठिपका. मग दुसरं. मग कितीतरी.

"या बारक्या व्हय?" गंगव्वा म्हणाली. "ह्या रोजच असत्यात की. चावत न्हाईत बिचाऱ्या."

रंजिता हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. तसाच गंगव्वाचा ओला हात धरून तिनं दिव्यश्री मॅडमना फोन लावला. मॅडम ऑटोनं धावत आल्या, भिंतीपाशी वाकल्या आणि भिंगातून एकेक भोक तपासलं. मग त्यांनी यादी मागून घेतली आणि शंकास्पद हा शब्द स्वतः खोडला. त्या भिंतीला पुढच्या आठवड्यात सिमेंटचा गिलावा होणार होता, तोही त्यांनी त्याच दिवशी थांबवला. संतोषकुमारला कळवलं, तेव्हा तो डोक्याला हात लावून आला आणि नोंद त्यानं आपल्या हातानं दुरुस्त केली.

आता ठिपकीशेजारी नव्या टाचणीवर दुसरी ठिपकी आहे. तिच्याखालीही दोन चिठ्ठ्या आहेत. खालची रंजितानं मराठीत लिहिली, वाकड्यातिकड्या अक्षरांत. पूर्ण झाल्यावर तिनं ती गंगव्वाला वाचून दाखवली. मागील दारी. शोधणारी: गंगव्वा. गंगव्वानं पदराला हात पुसून माझ्या काचेवरून बोट फिरवलं आणि आपलं नाव नेमकं कुठं आहे ते दोनदा विचारून घेतलं.

म्हणून सांगतो, मित्रांनो, जुनी चिठ्ठी फेकू नका, आणि कळली नाही तर आपल्या मनानं सुधारू नका. जवळ कुणी झाडत-पुसत असेल, तर त्यालाही विचारा. आमच्यासारख्या खणांना वर्षातून एकदा डांबरगोळ्या तेवढ्या घाला. बाकीचं आम्ही धरून ठेवतो.

देशाच्या रानमाश्यांची यादी परवा छापून आली. रंजितानं ती माझ्या काचेवर उघडी ठेवली होती. त्यात हिमालयातली कुरणं आहेत, राजस्थानातली वाळू आहे, केरळातली जंगलं आहेत, आणि त्या सगळ्यांच्या पंक्तीत मुकुंदरावांची जागाही आहे, एक अक्षरही न बदलता: मागील दारी, बेंगळुरू.