एकशे अठ्ठावीस

तिसऱ्या उत्तराखाली पट्टीने रेघ मारून तिने पान उलटलं आणि चौथा प्रश्न वाचताच मनातल्या मनात टाळी वाजवली. हा तर घरचाच!

'एका यंत्राचा पत्ता १९२.१६८.१.२०, दुसऱ्याचा १९२.१६८.१.१४०. दोघांचा मास्क २५५.२५५.२५५.१२८. मधे राउटर नसेल तर ही यंत्रं एकमेकांशी बोलू शकतील का? कारण द्या.'

पेन धावू लागलं. मास्क म्हणजे पत्त्यातली गल्ली कुठे संपते आणि घर नंबर कुठे सुरू होतो, हे सांगणारा आकडा. शेवटी शून्य असेल तर सगळी घरं एकाच गल्लीत. हाक मारली की ऐकू जाते. शेवटी १२८ आला की गल्लीच्या मधोमध भिंत. १२७पर्यंतची घरं अलीकडे, १२८पासूनची पलीकडे. वीस अलीकडे, एकशे चाळीस पलीकडे. म्हणून उत्तर, नाही. एकाने कितीही...

'कितीही'पाशी पेन थांबलं.

काल संध्याकाळी तिने घरातल्या नेटवर्कचे असेच दोन भाग केले होते. नुसतं वाचून थोडंच कळतं! राउटरपासून टीव्हीपर्यंत एकेका यंत्राच्या मास्कचा शेवटचा आकडा तिने ऐटीत बदलला होता. दोन भागांना जोडणारं दार रविवारी करू, एवढी काय घाई? मग तिने स्वतःचा फोन तपासला, आईचा तपासला, टीव्ही तपासला. सगळं झकास चालत होतं.

आजोबांची डबी तिने तपासली नव्हती. आजोबांच्या बोटाला चिमटा, चिमट्याची वायर उशाशी ठेवलेल्या डबीत. नाकातली ऑक्सिजनची नळी सरकली आणि डबीवरचा रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा अठ्ठ्याऐंशीच्या खाली गेला, की घरच्याच नेटवर्कवरून वरच्या मजल्यावर आईच्या शिलाई मशीनशेजारची घंटा वाजायची. रात्री आई त्यांच्याच खोलीत झोपे. घंटा दिवसासाठी होती. संकट आल्याशिवाय त्या डबीला बोलायची सवयच नव्हती, त्यामुळे ती कालपासून गप्प आहे हे कुणाला कळणार?

घंटेचा पत्ता, वीस. डबीचा, एकशे चाळीस.

ती उभी राहिली तेव्हा बाक करकरला आणि अख्ख्या वर्गाने माना वळवल्या.

"बाई, मला घरी फोन करायचाय."

"परीक्षेत?" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "का, चौथ्याचं उत्तर घरी आहे का?"

वर्ग खुसखुसला.

"हो, बाई."

तिच्या चेहऱ्याकडे बघून बाईंचं हसू मावळलं. त्यांनी पर्समधून स्वतःचा फोन काढून दिला. रिंग गेली. पुन्हा गेली. मशीन चालू असलं की आईचा फोन कापडांच्या ढिगाखाली असायचा.

"बाहेर गेलीस तर परत आत घेता येणार नाही हं."

तिने पेपर बाईंच्या टेबलावर ठेवला. पेनाचं टोपण लावायचंही राहिलं.

घरापर्यंत चार वळणं. एरवी मैत्रिणींबरोबर गप्पा मारत कधी संपायची कळायचंही नाही. आज दुसऱ्या वळणावरच पोटात कळ आली. भाजीवाला ओरडला, "अगं ए, बघून पळ!" सकाळी निघताना आजोबांनी हाक मारली होती. पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे ते. "इंजिनीअरबाई, चालत्या घड्याळात हात घालताना आधी त्याची टिकटिक ऐकावी," असं नेहमीचं काहीतरी सांगणार, म्हणून ती थांबलीच नव्हती.

दार नुसतं लोटलेलं. वर मशीन सुसाट चाललं होतं. त्या खडखडाटाखाली, मुद्दाम कान दिला तरच ऐकू येईल असं, बारीक टीं... टीं...

डबीवर लाल दिवा. एक्क्याऐंशी.

नळी उशीवर पडली होती. आजोबांचे डोळे मिटलेले, ओठांचा रंग गेलेला. तिने नळी नाकाशी बसवली, कानांमागे अडकवली.

"आजोबा. श्वास घ्या ना हो, आजोबा!"

एक्क्याऐंशी. एक्क्याऐंशी. ती त्या आकड्याकडे अशी बघत राहिली, जणू पापणी लवली तर तो खाली जाईल. ब्याऐंशी. पंच्याऐंशी. नव्वद. टीं टीं थांबलं.

जिन्यावर पावलं वाजली. गळ्यात टेप, दातांत टाचणी अशी आई दारात आली.

"अगंबाई, तू कधी आलीस? पेपर एवढ्यात संपला? आणि एवढी धापा काय टाकतेयस?" तिने पलंगाकडे पाहिलं. "घंटा वाजली नाही आज, म्हणजे बाबा शहाण्यासारखे झोपलेत."

आजोबांचे डोळे अर्धे उघडे होते. त्यांनी डबीकडे पाहिलं, मग नातीकडे.

"पेपर सोपा होता तिला," ते हळूच म्हणाले.

आई वर गेली. मशीन पुन्हा सुरू झालं. नातीने पलंगाच्या कडेला डोकं टेकवलं. केसांवर हात आला, हलका, चिमट्याच्या वायरीसकट.

"कुठलं चाक काढलं होतंस?"

"घंटेचं."

"बसव परत."

तिने फोनवरून घंटेचा शेवटचा आकडा बदलला, मग डबीची बटणं दाबत डबीचा. एकशे अठ्ठावीस पुसला, शून्य लिहिलं. दोनदा वाचलं.

"झालं, आजोबा."

"कशावरून?"

तिने डबीकडे पाहिलं.

डबीवर चौऱ्याण्णव होते. आजोबांनी दुसऱ्या हाताने बोटाचा चिमटा काढला आणि चादरीवर ठेवला. दिवा लाल झाला. टीं... टीं...

दोघंही छताकडे बघत राहिले.

वरचं मशीन थांबलं.