वाचवलेली बॅटरी

आमच्या ह्यांच्या छातीत पेसमेकरचं यंत्र बसवून आठ महिने झाले, तरी अंगणातून ओट्यावर चढताना ह्यांना मध्येच थांबावं लागायचं, आणि त्याचा राग मी सगळ्या जगावर काढत होते. यंत्रावर, मुंबईच्या डॉक्टरांवर, यंत्र बसवाच म्हणून मागे लागलेल्या जावयावर. बसवून आणलं तेव्हा सुरुवातीला माणूस कसा तरतरीत झाला होता! पिंपळगावच्या बाजारात पायी जाऊन भाजी आणायचा. मग पुन्हा पाय सुजायला लागले, झोपताना उशीवर उशी चढायला लागली. ये रे माझ्या मागल्या.

ह्यांचं नाव गोटीराम. हायवेला ह्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान. द्राक्षवाल्यांच्या विहिरीवरची मोटर जळाली की ती ह्यांच्याकडे यायची. आयुष्य त्या तांब्याच्या तारेत गेलं, त्यामुळे कुठल्याही यंत्रातलं आपल्यालाच कळतं असा ह्यांचा समज. त्यात ते दोन हजार सातचं साल, लोडशेडिंगने जीव नकोसा केलेला. घरात इन्व्हर्टर होता, पण तो बघायलाच. मी पंखा लावला की हे ओरडायचे, "लंके, बंद कर तो! बॅटरी कशाला मारती? येईलच की लाईट."

छातीतल्या यंत्रालाही बॅटरी असते हे कळल्यावर ह्यांचे कान टवकारले होते. पहिल्या तपासणीला यंत्राच्या कंपनीचा माणूस म्हणाला होता, "मस्त! शंभरातले सत्त्याण्णव ठोके यंत्र देतंय." ह्यांनी लगेच विचारलं, "मंग बॅटरी लवकर संपत असंल?" तो हसून म्हणाला, "जेवढं चालेल तेवढी संपणारच, काका. पाच-सहा वर्षं जाते." मी तेव्हा त्याकडे लक्षही दिलं नाही.

त्यानंतर मात्र हे एकदम देवभोळे झाले. जन्मात कधी देवाला हात न जोडणारा माणूस रोज आंघोळ करून, तांब्या घेऊन सूर्याला पाणी घालायला लागला. मी सकाळच्या गोळ्या हातावर ठेवायची, हे त्या तोंडात टाकून तसेच अंगणात जायचे. शेजारच्या गोजराबाईला मी कौतुकाने सांगितलंसुद्धा, की दुखण्याने का होईना, आमचे हे मार्गाला लागले.

एवढं देवाचं करून तब्येत मात्र खालावतच गेली. शेवटी मीच ओढून नाशिकला तपासणीला नेलं. कंपनीच्या माणसाने तळहाताएवढी चकती ह्यांच्या छातीवर ठेवली, समोरच्या कॉम्प्युटरवर रेघा उमटल्या, आणि त्याचा चेहरा पडला. त्याने डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर म्हणाले, "गोटीरामकाका, शंभरातले चौऱ्याहत्तरच ठोके यंत्र देतंय."

हे टुणकन उठून बसले. "बघ लंके! सव्वीस आपले आपण मारतोय. यंत्राचं काम कमी झालं म्हंजे हृदय सुधारलं. लय भारी!"

मलाही क्षणभर बरं वाटलं. डॉक्टरांना मात्र वाटलं नाही. ते म्हणाले, "अहो, हा इन्व्हर्टर नाही, लाईट गेल्यावर चालू व्हायला. तुमच्या हृदयाची डावी बाजू उजवीच्या मागून रेंगाळत आकुंचन पावते. यंत्र दोन्ही बाजू एकदम हलवतं. ते जवळजवळ प्रत्येक ठोक्याला व्हायला हवं, तरच फायदा. तुमचे स्वतःचे ठोके इतके घाईने येतायत की यंत्राला संधीच मिळत नाही. ती घाई कमी करायला तर गोळी दिली आहे. घेताय ना?"

"घेतो की."

"मीच देते रोज हातावर," मी म्हटलं.

डॉक्टरांनी ह्यांची नाडी धरली. "पोटात गोळी गेली असती तर नाडी अशी पळाली नसती."

हे छताकडे बघायला लागले. आणि मला लख्ख समजलं. तो तांब्या, ते अंगण, तो सूर्य! गालात धरलेली गोळी चुळीबरोबर अंगणातल्या मातीत जात होती, आणि मी इकडे ह्यांच्या भक्तीची तारीफ करत होते.

"थुंकत होतात?" मी विचारलं.

"एकच. ती पांढरी. तिच्यानं ठोके हळू होत्यात, मंग यंत्र चालू व्हतं आन् बॅटरी खाती. बाकीच्या घेत व्हतो."

दवाखाना आहे, डॉक्टर समोर आहेत, कसलंच भान मला राहिलं नाही. "आयुष्यभर लोकांना काय ओरडलात हो? तीन फेजची मोटर दोन फेजवर लावू नका, गुणगुणेल, तापेल आन् जळंल! ऐन लोडशेडिंगमध्ये लोक दोन फेजवर चालवायचे आन् जळालेली मोटर घेऊन आले की त्यांची अक्कल काढायचात. आन् सोताची मोटर? ती इतके महिने दोन फेजवर घातली तुम्ही! तिसरा फेज छातीत बसवलाय, तो वाचवून ठेवलाय! कुणासाठी? काय लोणचं घालायचंय त्या बॅटरीचं?"

ह्यांनी मान खाली घातली. मोटरीचं बोलणं ह्यांना बरोबर लागलं होतं, ते मला दिसत होतं. सदऱ्याची बटणं लावत म्हणाले, "त्यो कंपनीवाला म्हणला व्हता, पाच-सहा वर्षं जाती. मंग पुढं?"

"पुढं काय?" डॉक्टर म्हणाले. "बॅटरी संपत आली की छातीतली यंत्राची डबी बदलायची. छोटं ऑपरेशन असतं."

"बदलता येती?"

"येते की. तुम्हाला काय वाटलं?"

हे माझ्याकडे बघेनात. "मला वाटलं, ती संपली की आपण बी संपलो. सहा वर्षं लय कमी वाटली. हिच्या जोडीनं जरा जास्त पायजे व्हती."

मला इतका संताप आला की रडू फुटलं. अहो, विचारायचं तरी! भल्या माणसा, एवढं एक वाक्य तोंडातून काढायला काय झालं होतं? माझ्याबरोबर जास्त जगायचं म्हणून रोज सकाळी माझ्याच हातची गोळी थुंकत होता हा माणूस. आणि रोज थोडा थोडा मरत होता, माझ्या डोळ्यांसमोर. परतीच्या एसटीत मी ह्यांच्याशी बोलले नाही. ह्यांनी ओझरला शेंगदाण्याची पुडी घेऊन पुढे केली, तीही घेतली नाही.

दुसऱ्या दिवसापासून सूर्याचं पाणी बंद. गोळी घेतली की तोंड उघडून, जीभ वर करून दाखवायची, असा नियम केला. हे कुरकुरत पण दाखवत. डॉक्टरांनी गोळीची मात्राही थोडी वाढवली होती. पायांची सूज उतरली. एक दिवस ओट्यावर न थांबता चढले आणि वर गेल्यावर उगाच माझ्याकडे वळून बघितलं. मी बघून न बघितल्यासारखं केलं, पण आत जाऊन देवासमोर दिवा लावला.

पुढच्या तपासणीला कंपनीच्या माणसाने चकती ठेवली आणि म्हणाला, "अठ्ठ्याण्णव."

बाहेर आल्यावर आम्ही एसटी स्टँडची वाट धरली. मग जुनी खोड काही जाईना. "लंके, लय बॅटरी जळती गं."

"जळू द्या," मी म्हटलं, आणि भर रस्त्यात ह्यांचा हात धरला.