गोजराबाईच्या चपला

गोजराबाई कोळीण खुर्चीतून उठून पळाली ती थेट अनवाणी. चपला राहिल्या दातांच्या दवाखान्याच्या दाराशी.

डॉक्टर हिमानीला हसूच आलं. बोईसरच्या बाजारात जिच्या आवाजाला गिऱ्हाईक टरकतं, ती सुई बघून पळाली! पण दाढेत पू होता, गाल सुजला होता. दाढ लवकर निघाली नाही तर पू पसरणार होता, म्हणून हिमानीचं हसू फार टिकलं नाही.

पाठोपाठ कारखान्यातले इंजिनियर मेहुल आले. हिमानी सवयीनं बोलू लागली, घाबरू नका, आधी जरा टोचेल, मग बधिर होईल, दुखलं तर हात वर करा. बोलता बोलता तिची जीभ अडखळली. यातलं एक अक्षर तरी गोजराबाईला सांगितलं होतं का? छे! "तुम्हाला काय मावशी, तुम्ही समुद्राची माणसं," म्हणून सरळ सुईच उचलली होती. हिमानीला स्वतःचा भारी राग आला.

दुपारी चपला पिशवीत घालून ती बाजारात गेली. गोजराबाई पाटीमागे पदरात गाल लपवून बसली होती. बोंबील पुढ्यात, आणि आवाज नाही. आज तिच्याकडे कुणी फिरकतही नव्हतं. हिमानी शेजारी उकिडवी बसली, चपला पुढे ठेवल्या.

"मावशी, भीती वाटते का, हे मी तुम्हाला विचारलंच नाही. चुकलं माझं."

"इचारलं असतंस तरी सांगितलं नसतं, बाय. कोलीन घाबरते कलल्यावर भाव कोन देल?"

"मी कुणाला सांगत नाही. चला."

गोजराबाईनं पाटी शेजारणीला सांभाळायला दिली. दवाखान्यात या खेपेला हिमानी प्रत्येक गोष्ट आधी सांगून मग करत होती. गोजराबाईनं तिच्या कोटाचं टोक मुठीत घट्ट धरलं, ते दाढ निघेस्तोवर सोडलं नाही. मग कापूस चावत, डोळे पुसत तिनं हिमानीच्या गालावरून हात फिरवला. हाताला बोंबलाचा वास होता. हिमानीनं तो गाल बराच वेळ धुतला नाही.

संध्याकाळी तारापूरचा एक वेल्डर आला. दारात मावेना असा गडी. "तुम्हाला काय..." हिमानीच्या ओठांवर आलंच होतं. तिनं ते गिळलं.

"भीती वाटतेय का, दादा?"

गड्यानं आधी मागं वळून दार लागलंय का पाहिलं. मग हळूच मान डोलावली.